आकाशातली दवंडी

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की साधारण अर्ध्या वाटेवर तामलवाडी लागते. टोलनाका, रस्त्याकडेची हॉटेलं, पंक्चरची दुकानं, आणि घरांच्या डोक्यावर डिशच्या छत्र्या. पत्र्यावर, स्लॅबवर, जुन्या माळवदावर, जिथं जागा मिळाली तिथं छत्री ठोकलेली. या सगळ्या छत्र्यांची तोंडं दक्षिण आणि पूर्व यांच्या मधल्या कोपऱ्याकडे असतात. एखादी दक्षिणेकडे जास्त झुकलेली, एखादी पूर्वेकडे. पश्चिमेकडे पाहणारी मात्र सापडायची नाही. घरोघरी कार्यक्रम पुरवणारे हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीच्याच गतीनं फिरत असल्यामुळे आपल्याला एका जागी थांबलेले भासतात. टाटा प्लेचे ८३ अंश पूर्व रेखांशावर, दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंशांवर, एअरटेलचा १०८ अंशांच्या आसपास. तामलवाडी ७६ अंशांच्या जवळ. म्हणजे हे सगळे गावाच्या पूर्वेला आणि गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला. छत्री बसवणाऱ्या पोराला हा भूगोल कुणी शिकवलेला नसतो, पण त्याचा हात बरोबर तिकडेच वळतो.

या छत्रीतून मालिका येतात, बातम्या येतात, आषाढीला पंढरपूर येतं. त्याच तारेतून आणखी एक गोष्ट घरात उतरते. तिची कुणी वाट पाहत नसतं आणि ती येऊन गेल्याची खबर बहुतेकांना नंतर लागते. ती म्हणजे बॉक्सचं सॉफ्टवेअर. टीव्हीखालचा तो काळा डबा, ज्याला आपल्याकडे सगळे ‘सेटअप बॉक्स’ म्हणतात, आतून लहानसा संगणकच असतो. त्यात प्रोसेसर असतो, वीज गेली तरी लक्षात ठेवणारी फ्लॅश मेमरी असते, आणि कुठलं बटण दाबल्यावर काय करायचं हे सांगणारा एक प्रोग्रॅम असतो. तो प्रोग्रॅम कंपनी लांबून बदलू शकते, आणि बदलते. घरातल्या कुणी काही केलेलं नसतं, सोलापूरहून कुणी मेकॅनिक आलेला नसतो. सकाळी टीव्ही लावावा तर मेनूचा रंग वेगळा, वाहिन्यांची यादी डावीकडची उजवीकडे गेलेली. आज्जी नातवाला विचारतात, “काय केलास रं टीव्हीला?” आणि नातू बिचारा खरंच निरपराध असतो.

मेनू बदलला यात मोठं काही नाही. विचार करावा अशी गोष्ट पुढं आहे. छत्री फक्त ऐकते, तिला बोलता येत नाही. उपग्रहाकडून घरापर्यंत वाट आहे, घराकडून उपग्रहापर्यंत नाही. मग हा बॉक्स ‘माझ्याकडं जुनं सॉफ्टवेअर आहे, नवं पाठवा’ असं सांगणार कुणाला? ‘अर्धंच मिळालं, पुन्हा द्या’ असं म्हणणार कसा? आणि ज्यानं पाठवलं त्याला, ते तामलवाडीतल्या अमक्या घरी पोचलं की नाही, हे कळणार तरी कसं? उत्तर असं की त्याला ते कळत नाही. या न कळण्यावरच सगळी रचना उभी आहे.

ही रचना समजून घ्यायला दवंडी आठवावी. कोतवाल हलगी वाजवत गल्लीगल्लीतून फिरायचा. अमक्या-अमक्यानं चावडीवर सारा भरावा, असं ओरडायचा. ऐकायचं सगळ्यांनी, पण उठायचं ज्याचं नाव घेतलं त्यानंच. कुणी शेतात गेलेलं असेल, कुणी झोपलेलं, म्हणून तेच पुन्हा सकाळी, पुन्हा संध्याकाळी. कोतवालाचं काम ओरडण्यापुरतं. कुणी ऐकलं आणि कुणी नाही याची वही त्याच्याकडं नसायची.

उपग्रहावरून येणारं अपडेट नेमकं असंच चालतं. युरोपात ठरलेल्या डीव्हीबी या मानकांच्या कुटुंबात यासाठी एक वेगळं मानकच आहे. टीव्हीच्या चित्राचा आणि आवाजाचा प्रवाह १८८ बाइटच्या चिमुकल्या तुकड्यांत येतो आणि प्रत्येक तुकड्याच्या कपाळावर एक क्रमांक असतो. हा क्रमांक तेरा बिटांचा, म्हणजे एका प्रवाहात ८,१९२ क्रमांक होऊ शकतात. एक क्रमांक एखाद्या वाहिनीच्या चित्राचा, दुसरा तिच्या आवाजाचा, आणि कुठला तरी एक सॉफ्टवेअरचा. बॉक्स आधी एक छोटी यादी वाचतो. त्या यादीत सॉफ्टवेअर कुठल्या कंपनीच्या डब्यासाठी आहे ते लिहिलेलं असतं. कंपनीची ओळख म्हणून चोवीस बिटांचा एक आकडा असतो, आणि त्याला जोडून कुठलं मॉडेल, कुठली आवृत्ती हेही असतं. आपलं नाव नसेल तर बॉक्स पुढं जातो. असेल, आणि आवृत्ती आपल्याजवळच्यापेक्षा नवी असेल, तर तो कान टवकारतो.

मग दवंडीच्या फेऱ्या सुरू होतात. समजा सॉफ्टवेअर २० मेगाबाइटचं आहे आणि त्यासाठी प्रवाहातली सेकंदाला २०० किलोबिट एवढी जागा राखली आहे. हिशेब केला तर एक फेरी ८०० सेकंदांची, म्हणजे तेरा मिनिटांहून थोडी जास्त. फेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून. रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे. बॉक्स मधूनच ऐकायला लागला तरी बिघडत नाही. फाइलचे तुकडे क्रमांकानं ओळखता येतात. हातात आला तो ठेवायचा, निसटला त्याची पुढच्या फेरीत वाट पाहायची. मृगाचा पाऊस कोसळत असताना छत्रीचा सिग्नल जातो हे गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. ११-१२ गिगाहर्ट्झच्या लहरींना पावसाचे थेंब अडवतात. मालिकेचं दृश्य गेलं ते गेलंच, पण सॉफ्टवेअरचा गेलेला तुकडा पुढच्या फेरीत पुन्हा येतो.

राखलेली जागा एवढी थोडी का, असं कुणी विचारील. कारण उपग्रहावरची जागा महाग. फ्री डिशवरच्या एकेका वाहिनीच्या जागेसाठी प्रसारभारती लिलाव करते आणि खासगी वाहिन्या वर्षाला कोट्यवधी रुपये मोजतात. अपडेटला दिलेला प्रत्येक किलोबिट कुठल्यातरी वाहिनीच्या तोंडचा काढून दिलेला असतो. म्हणून कंपनी सॉफ्टवेअर लहान ठेवते, दाबून-दुमडून पाठवते, आणि अगदी गरज असेल तेव्हाच पाठवते. हा खर्चाचा लगाम मला फार मोलाचा वाटतो. तो का, ते पुढं येईल.

दवंडीचा असाच एक प्रकार गावात रोज चालतो, फक्त त्याला कुणी अपडेट म्हणत नाही. रिचार्ज संपला, वाहिन्या बंद पडल्या, चौकातल्या दुकानात पैसे भरले. कॉल सेंटरवरून सांगतात, “बॉक्स चालू ठेवा, थोड्या वेळात चालू होईल.” हा थोडा वेळ कशाचा? पैसे तर एका क्षणात जमा झालेले असतात. पण ‘बॉक्समधल्या अमक्या क्रमांकाच्या कार्डाला आजपासून हे-हे दाखवावं’ हा निरोप आकाशातून फेऱ्या मारत असतो, आणि त्या वेळी बॉक्स बंद असेल तर निरोप वाया. लाखो ग्राहकांचे निरोप एका अरुंद वाटेनं ओळीनं चाललेले असतात. आपला नंबर येईपर्यंत बॉक्स जागा हवा. हे लोकांना सवयीनं कळलेलं आहे. तांत्रिक भाषेत कुणी सांगितलेलं नाही एवढंच.

या एका वाटेच्या व्यवहारात पाठवणाऱ्यापुढं भीती मोठी असते. चुकीचं सॉफ्टवेअर गेलं आणि दहा लाख डबे एका रात्रीत मेले, तर? डबा मेला म्हणजे तो पुढची दवंडीही ऐकणार नाही. मग उपाय एकच: माणूस पाठवा. घरटी एक. कोजागरीच्या दिवसांत सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या पायी भक्तांची एवढी गर्दी असते की हा रस्ता वाहनांना बंद करावा लागतो. त्या दिवसांत तामलवाडीतल्या एका घरचा बॉक्स गेला, तर मेकॅनिक यायचा कुठून? आणि एकाच कंपनीचे गावातले सगळे बॉक्स गेले, तर किती मेकॅनिक?

म्हणून या डब्यांची बांधणी करणाऱ्यांनी आधीच वाईटात वाईट काय होईल ते गृहीत धरलं. बॉक्समध्ये एक लहानसा प्रोग्रॅम असा ठेवला की ज्याला अपडेट हात लावू शकत नाही. बॉक्सला वीज मिळाली की आधी तो उठतो, मुख्य सॉफ्टवेअर धड आहे का बघतो, आणि नसेल तर स्वतःच आकाशाकडं कान लावून नवी प्रत गोळा करतो. चांगल्या बॉक्समध्ये मुख्य सॉफ्टवेअरच्या दोन जागा असतात. नवं सॉफ्टवेअर रिकाम्या जागी लिहायचं, जुनं तसंच राहू द्यायचं. नवं नीट चाललं तरच त्याच्याकडं कारभार सोपवायचा. नाहीतर जुनं परत. लिहिता-लिहिता लाईट गेली, जी आपल्याकडं जायचीच, तरी जुनी प्रत शाबूत. आलेलं सॉफ्टवेअर खरोखर कंपनीनंच पाठवलंय याची खातरजमा करायला डिजिटल सही असते. सही करायची किल्ली कंपनीपाशी गुपित, आणि सही ताडून पाहायची किल्ली चिपमध्ये कोरलेली. एक अक्षर जरी मध्ये बदललं तरी सही जुळत नाही आणि बॉक्स ते सॉफ्टवेअर नाकारतो. मानकात अशीही सोय आहे की दवंडी सगळ्यांच्या नावानं न देता आधी ठरावीक क्रमांकांच्या डब्यांपुरती द्यावी. थोड्यांवर चालवून पाहायचं. तक्रारींचे फोन वाढले नाहीत तर पुढच्यांना. बॉक्स बोलत नसला तरी त्याचा मालक कॉल सेंटरला बोलतो. तेवढीच उलटी वाट.

इतकी काळजी घेऊनही एक गोष्ट या लोकांना उमगली नाही, असं मला वाटतं. अपडेट रात्री व्हावं, बॉक्स ‘स्टँडबाय’ला असताना व्हावं, असं बहुतेक ठिकाणी गृहीत असतं. म्हणजे रिमोटनं टीव्ही बंद करून माणूस झोपला, लाल दिवा जळत राहिला, आणि पहाटे कधीतरी काम उरकलं. आता आपल्या घरात असं कोण करतं? झोपताना बोर्डावरचं बटणच बंद होतं. बिल वाढतं, वीज कडाडली तर डबा जळतो, शिवाय आईचा धाक. त्यामुळे ज्या बॉक्सनं रात्री गुपचूप काम करायचं तो रात्रभर मेल्यासारखा पडून असतो, आणि संध्याकाळी मालिकेची वेळ झाली की जागा होऊन पडद्यावर लिहितो की अपडेट चालू आहे, कृपया वीज बंद करू नका. तेही पुष्कळदा इंग्रजीत. मग घरातलं जे कुणी वैतागलेलं असेल ते पहिल्यांदा वीजच बंद करतं.

सॉफ्टवेअरनं सगळं होत नाही हेही सांगितलं पाहिजे. चित्र दाबून लहान करण्याच्या दोन पद्धती आपल्याकडं नांदल्या: जुनी एमपेग-२ आणि नवी एमपेग-४. नव्या पद्धतीत त्याच जागेत जास्त वाहिन्या बसतात. पण चित्र उलगडण्याचं काम चिप करते, आणि एमपेग-२ ची चिप कितीही दवंड्या ऐकल्या तरी एमपेग-४ उलगडत नाही. तिथं डबाच बदलावा लागतो. फ्री डिशचे जुने बॉक्स असलेल्यांना हा अनुभव आहे: शेजाऱ्याकडं दिसणारी वाहिनी आपल्याकडं दिसत नाही. बाजारात मिळणाऱ्या साध्या फ्री डिश बॉक्सांना तर आकाशातून सॉफ्टवेअर सहसा येतच नाही. नवी वाहिनी आली की रिमोट घेऊन पुन्हा शोध लावायचा, आणि सॉफ्टवेअरच बदलायचं असेल तर दुकानदाराच्या पेनड्राइव्हवरून. महिन्याचं भाडं नाही, म्हणून वरून येणारी सेवाही नाही. हा सौदा वाईट नाही. निदान त्या डब्यात रातोरात काही बदलत नाही.

हे डबे गावात आले कसे, तेही थोडक्यात. एअरटेल, टाटा, डिश यांचे लोकांनी हौसेनं घेतले. केबलचे मात्र कायद्यानं आले. केबलच्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि टप्प्याटप्प्यानं जुनी केबल बंद करून बॉक्स सक्तीचे झाले. सोलापूर दुसऱ्या टप्प्यात होतं, मुदत ३१ मार्च २०१३. खेडी चौथ्या टप्प्यात, आणि त्यांची वाढवलेली मुदत ३१ मार्च २०१७. त्याआधी केबलवाल्याची तार थेट टीव्हीच्या पाठीत जायची आणि मध्ये विचार करणारं काही नव्हतं. त्यानंतर प्रत्येक घरात लांबून बदलता येणारा एक संगणक आला. कोणत्याही ग्रामसभेत त्यावर चर्चा झाली नसेल. करमणुकीच्या सामानाची चर्चा कोण करतो?

त्या संगणकांची ताकद २०१९ मध्ये दिसली. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या दरपद्धतीनुसार १ फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकानं आपल्या वाहिन्या स्वतः निवडायच्या होत्या. शंभर वाहिन्यांपर्यंतच्या वहनासाठी १३० रुपये आणि कर, आणि वर प्रत्येक सशुल्क वाहिनीचे वेगळे. देशभरातल्या कोट्यवधी घरांमध्ये काय दिसावं आणि काय दिसू नये, हे नव्यानं ठरलं. त्यासाठी घरोघरी जाऊन बॉक्सला हात लावावा लागला नाही. सगळं काम निरोपांनी केलं.

एका वाटेची दवंडी किती धूर्त होऊ शकते याचं उदाहरण मात्र अमेरिकेतलं आहे. डायरेक्टीव्ही या उपग्रह-टीव्ही कंपनीची कार्डं बदलून लोक फुकट टीव्ही पाहत होते. कंपनीला चोर कुठं राहतात ते माहीत नव्हतं. उपग्रहावरून तिलाही उलटी वाट नव्हतीच. मग २००० सालच्या अखेरच्या महिन्यांत तिनं कार्डांसाठी लहान-लहान तुकडे पाठवायला सुरुवात केली. एकेकटा तुकडा निरर्थक. चोरी करणारे प्रत्येक तुकडा तपासायचे, हसायचे, आणि टीव्ही चालू राहावा म्हणून आपल्या कार्डात घालून घ्यायचे. कारण तो तुकडा नसेल तर बॉक्स चित्रच दाखवायचा नाही. शेवटी तुकडे जोडले जाऊन कार्डाच्या आत एक चालता प्रोग्रॅम तयार झाला. २१ जानेवारी २००१ च्या रविवारी रात्री, अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या सामन्याच्या बरोबर आठवडाभर आधी, आकाशातून एक निरोप आला आणि बदललेली कार्डं कायमची बाद झाली. असं सांगतात की कार्डाच्या सुरुवातीच्या बाइटांमध्ये ‘गेम ओव्हर’ ही अक्षरं लिहिली गेली होती. निरोप सगळ्या कार्डांनी ऐकला, पण अडकली फक्त तीच, ज्यांच्यात खाडाखोड होती. नाव न घेता चोराला उभं करणारी अशी ही दवंडी. मला त्यातल्या कारागिरीचं कौतुक आहे, आणि थोडी धास्तीही. कारण जो चोराचं कार्ड लांबून मारू शकतो तो सावाचंही मारू शकतो. मारत नाही, एवढाच फरक.

आता गावातल्या दुसऱ्या टीव्हीकडं वळू. हप्त्यावर घेतलेला स्मार्ट टीव्ही, भिंतीवर टांगलेला, वायफायला नाहीतर मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडलेला. याला छत्रीची गरज नाही असं नाही, पण हा छत्रीसारखा मुका नाही. याला दोन्ही वाटा आहेत. कंपनीला त्याला विचारता येतं, त्याला उत्तर देता येतं. नवं सॉफ्टवेअर आलंय, घेऊ का? आज की उद्या? यातला नवा मेनू हवा की नको? हे सगळं आता सहज शक्य आहे. दवंडी देणाऱ्याला जी मुभा कधीच नव्हती ती याला आहे.

आणि नेमकं इथंच उलटं झालं. ज्याला विचारता येत नव्हतं त्यानं जपून पाऊल टाकलं. ज्याला विचारता येतं त्यानं विचारणं सोडून दिलं. या लेखात मला सांगायचंय ते एवढंच, बाकी सगळं त्याची फोड.

जपून पाऊल टाकण्याची कारणं आपण वर पाहिली. जागा महाग होती, चूक झाली तर माणसं पाठवावी लागणार होती, आणि ऐकणारा बोलू शकत नव्हता म्हणून त्याच्या वतीनं आधीच सगळं चिंतावं लागत होतं. इंटरनेटवर जागा स्वस्त झाली. चुकलं तर उद्या दुसरं अपडेट पाठवता येतं. म्हणून चुकण्याची भीती गेली, आणि भीतीबरोबर जपणंही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये सॅमसंगच्या त्याच वर्षीच्या नव्या मॉडेलांपैकी काही टीव्ही एका अपडेटनंतर निकामी झाले. महागडे, नवेकोरे टीव्ही, आणि मालकांना दुरुस्तीसाठी दिवसचे दिवस थांबावं लागलं. संख्या फार मोठी नव्हती. पण चूक काय दर्जाची होती ते बघा: ज्या एका अपघाताला छत्रीवाले सर्वांत जास्त घाबरत होते, तोच.

दुसरं उदाहरण याहून गंभीर. त्याच २०१७ च्या फेब्रुवारीत व्हिझिओ या टीव्ही कंपनीनं अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी आणि न्यू जर्सी राज्याशी २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. आरोप असा की २०१४ पासून तिचे टीव्ही पडद्यावर काय चाललंय याचे नमुने दर सेकंदाला टिपून कंपनीकडं पाठवत होते. केबल असो, डीव्हीडी असो, काहीही असो. असे टीव्ही एक कोटी दहा लाख. आणि यातले काही टीव्ही आधीच विकले गेलेले होते. विकताना त्यांच्यात ही टेहळणी नव्हती. ती नंतर, लांबून, सॉफ्टवेअरनं बसवली गेली. दवंडीच्या जमान्यात असा प्रकार शक्यच नव्हता, कारण कोतवालाला घरात डोकावता येत नव्हतं. दोन्ही वाटा मिळाल्या तेव्हा दुसरी वाट परवानगी विचारायला वापरायची, ती वापरली गेली पाहत बसायला.

तिसरं उदाहरण तुलनेनं सौम्य. २०२१ मध्ये अँड्रॉइड टीव्हीचा पहिला पडदा बदलला आणि वर मोठ्या चित्रांची जाहिरातवजा पट्टी आली. एनव्हिडियाची महाग शील्ड पेटी घेतलेल्या लोकांनी त्या ॲपला एकेक तारा देऊन राग काढला. ज्या पडद्यासाठी पैसे मोजले तो पडदा नंतर दुसऱ्या कुणालातरी भाड्यानं दिला गेला, असं त्यांना वाटलं. त्यात चूक काय?

यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो नीट घेतला पाहिजे. प्रत्येक अपडेटला विचारत बसलं तर लोक ‘नको’च म्हणतील, आणि टीव्ही असुरक्षित राहील. इंटरनेटला जोडलेला डबा म्हणजे चोराला उघडं दार. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं जाहीर इशारा दिला तो याच प्रकारच्या डब्यांबद्दल: नाव-गाव नसलेल्या स्वस्त अँड्रॉइड टीव्ही पेट्यांमध्ये कारखान्यातूनच, किंवा पहिल्यांदा जोडताना, घातकी सॉफ्टवेअर शिरतं आणि त्या घरच्या इंटरनेटचा वापर परस्पर गुन्ह्यांसाठी होतो. ‘बॅडबॉक्स २.०’ असं त्याचं नाव. अशा पेट्यांना कुणी वाली नाही, त्यांची भोकं बुजवणारं अपडेट कधीच येत नाही. तेव्हा अपडेट वाईट, असं माझं म्हणणं मुळीच नाही. अपडेट न मिळणारा टीव्ही मिळणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा.

पण दोन गोष्टींची सरमिसळ इथं मुद्दाम केली जाते. भोक बुजवणं वेगळं, आणि घराची मांडणी बदलणं वेगळं. पहिल्यासाठी विचारू नका, करून टाका; एका ओळीत सांगा की केलं. दुसऱ्यासाठी, म्हणजे मेनू, जाहिराती, आणि विशेषतः काय पाहिलं याची नोंद ठेवणं, यासाठी विचारा. आज दोन्ही एकाच पुडीत येतात. सुरक्षा हवी असेल तर जाहिरातीही घ्या. आणि जिथं विचारलं जातं तिथंही पंधरा पानांचा इंग्रजी मजकूर, खाली एक ठळक बटण आणि कोपऱ्यात एक फिकट. रिमोटच्या बाणांनी ती पंधरा पानं खाली सरकवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

भाषेचा मुद्दा किरकोळ नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा आपला कायदा २०२३ साली झाला. त्यात संमती मागताना माहिती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी, असं स्पष्ट आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे. म्हणजे टीव्हीनं तामलवाडीतल्या घराला मराठीत विचारावं ही कंपनीनं केलेली मेहेरबानी नाही. या कायद्याचं तेच म्हणणं आहे. जुना कोतवाल निदान गावाच्या भाषेत ओरडायचा.

किती वर्षं जबाबदारी घेणार, हाही प्रश्न उरतो. छत्रीच्या बॉक्सबाबत तो फारसा पडत नाही, कारण महिन्याचे पैसे येत राहतात तोवर कंपनीला बॉक्स जिवंत ठेवण्यात रस असतो. स्मार्ट टीव्ही विकला की व्यवहार संपला. पुढचं प्रत्येक अपडेट कंपनीला खर्च. मग तो खर्च भरून काढायला जाहिराती आणि नोंदी. खरं मूळ इथं आहे. ब्रिटननं २९ एप्रिल २०२४ पासून असा नियम लागू केला की इंटरनेटला जोडणारी घरगुती वस्तू विकताना सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे बनवणाऱ्या कंपनीनं जाहीर करावं. आपल्याकडं टीव्हीच्या खोक्यावर वीज-बचतीचे तारे छापलेले असतात, किंमत छापलेली असते, पत्ता छापलेला असतो. अपडेट कधी थांबणार ती तारीख सहसा नसते. ती छापायला शाई फार लागत नाही.

तेव्हा दिवाळीला किंवा कापूस-सोयाबीनचे पैसे आल्यावर टीव्ही घ्यायला सोलापूरला किंवा धाराशिवला जाल, तेव्हा पडद्याचे इंच आणि हप्त्याचे रुपये विचारून झाल्यावर दुकानदाराला आणखी दोन गोष्टी विचारा. या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट कुठल्या सालापर्यंत मिळतील, आणि पाहिलेल्याची नोंद ठेवणं बंद करायचं बटण कुठल्या मेनूत आहे. पहिलं उत्तर बिलाच्या पाठीवर लिहून मागा. दुसरं तिथंच दुकानात, चालू टीव्हीवर, करून दाखवायला सांगा. घरी आलेल्या टीव्हीत न विचारता काही बदललं आणि कंपनी दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथं मराठीत बोलता येतं.